कापडाचा हिशेब वावरापासून मांडा

कापडधंद्याच्या पापांचा विषय निघाला की चर्चा तिरुपूर आणि ढाक्याला जाऊन थांबते. नोय्यल नदी नासवली म्हणून २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरची रंगाई बंद करायला लावली. २०१३ साली ढाक्याजवळची राणा प्लाझा ही कपडे-कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसे गेली. पण कापड सुरू होते कपाशीच्या वावरात आणि जिनिंगमध्ये, म्हणजे आपल्या धरणगावात. म्हणून हे मुद्दे.

१. बीटी कपाशी २००२ साली आली ती फवारणी कमी करते म्हणून. पुढे गुलाबी बोंडअळीने तिला दाद देणे सोडले आणि पाठीवरचा पंप परत आला. २०१७ साली यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन माणसे मेली. शेतकरी फरदड ठेवतो, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवतो, म्हणून अळी पोसते, असे कृषी खाते सांगते. खरे आहे, पण पहिल्या वेचण्यांत खर्च निघाला तर फरदड ठेवतो कोण? २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये जाहीर झाला आणि ऐन हंगामाच्या तोंडावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, कापसावरचे आयात शुल्क तात्पुरते उठवले. सीसीआयचे (भारतीय कापूस महामंडळाचे) खरेदी केंद्र दिवाळीआधी उघडा, पहिल्या वेचणीलाच हमीभाव मिळू द्या, अळीचा निम्मा बंदोबस्त तिथेच होईल.

२. वेचणीला बाया. मजुरी किलोवर, त्यामुळे हात थांबत नाही. ओटी भरेपर्यंत वाळल्या बोंडांच्या टोकांनी बोटे फाटलेली असतात. त्याच बोटांनी दुपारची भाकरी. वावर कधी फवारले हे त्यांना कुणी सांगत नाही. फवारल्या वावराच्या बांधावर लाल फडके लावायची सक्ती ग्रामसभेने करावी. खर्च शून्य.

३. वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवू नका, हे सांगून झाले. गावात कुट्टी करायचे यंत्र भाड्याने मिळत नाही तोवर त्या पेटणारच.

४. जिनिंगमध्ये साधारण पाच क्विंटल कापसातून १७० किलो रुईची एक गाठ निघते. सरकी तेलाला आणि ढेपेला जाते, उरलेली धूळ कामगाराच्या छातीत. भुवया-पापण्यांवर कापूस बसलेला, तोंडाला रुमाल. तो बारीक धूळ अडवत नाही. या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसांचा आजार १९४८ च्या कारखाना कायद्यात नोंद करण्याच्या आजारांच्या यादीत होता. दवाखान्यात मात्र त्याला दमा म्हणून गोळ्या देणे सोपे पडते. हंगामाआधी आणि हंगामानंतर प्रत्येक जिनिंग कामगाराच्या फुप्फुसांची तपासणी झाली पाहिजे, हंगामी असला तरी.

५. या तपासणीचा खर्च एकट्या जिनिंगवाल्याने सोसावा, असे म्हणणे नाही. त्याच्या हाती फार उरत नाही. पण ‘कस्तुरी कॉटन भारत’ योजनेत गाठीवर क्यूआर कोड लागतो आणि रुई कुठली ते खरेदीदाराला कळते. त्याच कोडात धूळ ओढणारे पंखे चालू आहेत का आणि कामगारांची तपासणी कधी झाली, हेही घाला. ज्या गाठीवर ते असेल तिला सूतगिरणीने चार पैसे जास्त द्यावेत आणि ते शर्टाच्या किमतीत लागावेत.