डूमचा मुखवटा आणि चित्रकाराचा वाटा

अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात दरवर्षी भरणाऱ्या कॉमिक-कॉन या चित्रकथांच्या मेळाव्यात 27 जुलै 2024 रोजी हिरवे झगे ल्यालेल्या मुखवटाधाऱ्यांची एक फौज रंगमंचावर उभी राहिली. त्यांतल्या एकाने पुढे येऊन मुखवटा उतरवला आणि आतून रॉबर्ट डाउनी ज्युनियर हा नट प्रकटला. 'आयर्न मॅन'च्या भूमिकेने जगप्रसिद्ध झालेला हा नट 'अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे' या चित्रपटात डॉक्टर डूम हा खलनायक रंगवणार, अशी ती वार्ता. सभागृहातील हजारो चाहत्यांनी केलेला जल्लोष जगभर पोचला. चित्रकथांचा जुना वाचक या नात्याने मलाही क्षणभर आनंद झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. डूम हा काही साधासुधा खलनायक नव्हे. लॅटव्हेरिया नामक कल्पित चिमुकल्या देशाचा तो अधिपती. पोलादी मुखवट्याआड विद्रूप चेहरा दडवणारा आणि आपणच प्रजेचे तारणहार आहोत असे मनापासून मानणारा हुकूमशहा. या जातीच्या माणसाची ओळख आपल्या पिढीला वेगळी करून द्यावी लागत नाही.

आनंद ओसरल्यावर मात्र एक प्रश्न मनात रेंगाळत राहिला. माझ्या वाचनात आलेल्या वृत्तांच्या मथळ्यांत नट होता, दिग्दर्शक रूसो बंधू होते, चित्रपटगृहे कधी भरणार याचा हिशेब होता. परंतु हा डूम प्रथम ज्याच्या पेन्सिलीतून कागदावर उतरला त्याचे नाव काय, हे त्या मथळ्यांवरून कोणालाही कळले नसते.

त्याचे नाव जॅक कर्बी. 1917 साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरिबांच्या वस्तीत एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात तो जन्मला. वडील कपड्यांच्या कारखान्यात राबत. 'फँटास्टिक फोर' या मालिकेच्या 1962 सालच्या पाचव्या अंकात त्याने आणि संपादक-लेखक स्टॅन ली यांनी डूमला जन्म दिला. मार्व्हल कंपनीची त्या काळची कामाची रीत ध्यानात घेतली पाहिजे. ली थोडक्यात कथासूत्र सांगत. चित्रकार त्यावरून संपूर्ण कथा चौकटींत उभी करी, प्रसंग रचे, पात्रांना चालते-बोलते करी. संवाद मागाहून लिहिले जात. 1966 साली याच मालिकेत अवतरलेला 'सिल्व्हर सर्फर' तर कर्बीने आपल्याच मनाने चित्रांत घातला होता. पाने हाती आल्यावर हे पात्र कोण, असा प्रश्न खुद्द ली यांना पडला. म्हणजे कर्बी हा सांगितलेले चितारणारा हातकाम्या नव्हता. कथेच्या निर्मितीतला तो बरोबरीचा भागीदार होता. मोबदला मात्र पानामागे ठरलेल्या दराने, हातकाम्याचाच मिळाला. ली यांच्या संवादांचे आणि संपादनाचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. परंतु ते कंपनीच्या पगारावर होते, कर्बी नव्हता.

पुढली हकीकत अधिक क्लेशकारक आहे. 1980 नंतरच्या दशकात कंपनी चित्रकारांना त्यांची मूळ चित्रे परत करू लागली, तेव्हा इतरांकडून एका पानाचा कागद सहीला घेतला जाई. कर्बीपुढे चार पानांचा करारनामा ठेवण्यात आला. सही केल्यास परत मिळणार होती अवघी 88 पाने! ज्याने हजारो पाने रेखाटली त्याच्या पदरी हे दान. इतर चित्रकारांनी आणि वाचकांनी गदारोळ केला, नियतकालिकांतून मोहीम चालली, तेव्हा कोठे 1987 साली सुमारे दोन हजार पाने परत आली. उरलेली कोठे गेली, याचा हिशेब कोणी दिला नाही. 1994 साली कर्बी वारला. 2009 साली डिस्ने कंपनीने चारशे कोटी डॉलरना मार्व्हल विकत घेण्याचे जाहीर केले, त्याच सुमारास त्याच्या वारसांनी स्वामित्वहक्क परत मागितला. 2011 आणि 2013 साली न्यायालयांनी तो नाकारला. कारण काय, तर हे 'मजुरी देऊन करवून घेतलेले काम'! सर्वोच्च न्यायालय प्रकरण हाती घ्यावे की नाही हे ठरवणार, त्याच्या तोंडावर सप्टेंबर 2014 मध्ये तडजोड झाली. तिच्या अटी गुप्त आहेत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो व तो टाळून चालणार नाही. प्रकाशकाने पैसा गुंतवला, जोखीम पत्करली, चित्रकाराने ठरलेला दर राजीखुशीने घेतला. आता साठ वर्षांनी तक्रार कशाची? वरवर पाहता हे बिनतोड वाटते. पण 1962 साली त्या अंकाची किंमत काही सेंट होती, आणि चित्रपटांच्या कोट्यवधी डॉलरांची कल्पना करार करणाऱ्या कोणाही पक्षाला नव्हती. जे मूल्य दोघांच्याही ध्यानीमनी नव्हते ते सर्वस्वी एकाच्याच तिजोरीत जावे, असा निसर्गनियम नाही. तो कायदा आहे, आणि कायदे माणसे करतात. राजीखुशीचे म्हणाल, तर घरात पोरेबाळे असताना पानामागे पैसे मोजणाऱ्या मालकाशी घासाघीस करणाऱ्याची 'खुशी' किती असते, हे ज्याने रोजंदारी केली आहे त्याला विचारावे.

ही केवळ मेलेल्यांची कहाणी असती तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. एड ब्रूबेकर हा आजचा लेखक. चित्रकार स्टीव्ह एप्टिंग याच्या साथीने त्याने 'विंटर सोल्जर' हे पात्र घडवले. त्यावर रूसो बंधूंनीच 2014 साली चित्रपट काढला. त्यात ब्रूबेकर स्वतः क्षणभर पडद्यावर दिसतो. पात्र निर्माण करण्याबद्दल कंपनीकडून जे मिळाले त्याहून अधिक आपणास त्या क्षणभराच्या अभिनयाच्या पुढील मानधनातून मिळाले, असे त्याने 2021 साली उघडपणे सांगितले. असे का व्हावे? कारण नटांची संघटना आहे आणि तिने झगडून मानधनाचे नियम करून घेतले आहेत. चित्रकथाकार मात्र कायद्याच्या लेखी बहुधा स्वतंत्र कंत्राटदार; त्यांनी एकत्र येऊन दर ठरवले तर मक्तेदारीविरोधी कायदाच त्यांच्या आडवा येतो. 1978 साली नील अ‍ॅडम्स या चित्रकाराने संघटनेचा प्रयत्न केला, तो तडीस गेला नाही.

संघटनेचे बळ याच मेळाव्याने 2023 साली पाहिले. पटकथालेखक मे महिन्यापासून संपावर होते, जुलैच्या मध्यास नटही उतरले, आणि आठवडाभरात कॉमिक-कॉन भरली. नट आलेच नाहीत. मोठमोठ्या चित्रसंस्थांनीही पाठ फिरवली. मेळावा तरीही भरला! ज्या लेखक-चित्रकारांकडे एरवी कोणी वळून पाहत नाही त्यांच्याभोवती त्या वर्षी माणसे थांबली. संपाने नकळत केलेला हा उपकार 2024 साली डूमचा मुखवटा उतरताच आपण विसरलो.

आता आपण म्हणजे चाहते. या प्रकरणात आपण निव्वळ गिऱ्हाईक आहोत असे मी मानत नाही. 1975 साली 'सुपरमॅन'चा चित्रपट येऊ घातला असता त्याचे निर्माते जेरी सीगल व जो शूस्टर विपन्नावस्थेत होते. शूस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती. 1938 साली त्यांनी ते पात्र 130 डॉलरना विकले होते. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन यांनी गवगवा केला, वृत्तपत्रांनी तो उचलला, आणि मालक कंपनीला दोघांना वर्षाकाठी वीस हजार डॉलरची पेन्शन द्यावी लागली, नावे पुन्हा छापावी लागली. न्यायालयात जे मिळाले नव्हते ते लोकलज्जेने मिळाले. खुद्द कॉमिक-कॉनही चाहत्यांनीच उभारली आहे. ऑगस्ट 1970 मध्ये सॅन दिएगोच्या एका हॉटेलात जेमतेम तीनशे माणसे जमली होती, आणि त्यांच्या पाहुण्यांत जॅक कर्बी होता. आज लाखाहून अधिक लोक जमतात.

आपल्याकडे तरी निराळे काय आहे? 'टिंकल'मधला सुपंडी घराघरांतल्या मुलांना ठाऊक आहे. तो राम वाईरकरांनी रेखाटला, हे त्यांच्या आईवडिलांना तरी ठाऊक आहे का?

2025 साली आलेल्या 'फँटास्टिक फोर'च्या चित्रपटात नायकांच्या जगाला 828 हा क्रमांक दिला होता. 28 ऑगस्ट या कर्बीच्या जन्मदिनाची ती खूण. आदर हृद्य खरा. त्याला खर्च मात्र काही पडत नाही. कॉमिक-कॉन चालवणारी संस्था ना-नफा तत्त्वावरची आहे, म्हणजे ती चित्रसंस्थांच्या दाराशी बांधलेली नाही. त्या मोठ्या सभागृहात ज्या पात्राची घोषणा होईल त्याच्या मूळ लेखक-चित्रकारांची नावे त्याच रंगमंचावर उच्चारली जावीत, आणि त्यांच्या हयात असलेल्यांना चित्रपटाच्या उत्पन्नात किती टक्के वाटा दिला ते तेथेच सांगितले जावे, एवढी अट तिने घालावी. 'डूम्सडे'साठी डिसेंबर 2026 हा महिना जाहीर झालेला आहे. सभागृहाबाहेर रात्रभर रांगेत बसणाऱ्या चाहत्यांनी हे प्रश्न मोठ्याने विचारायला सुरुवात केली, तर मुखवटे उतरवण्याचे पुढले कार्यक्रम आखणाऱ्यांना उत्तरे तयार ठेवावी लागतील.