एप्रिलच्या पानावर मोहच हवा

बुलेट जर्नलची मासिक मुखपृष्ठं रंगवणं म्हणजे रिकामटेकडेपणा, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहेच. रायडर कॅरोलची मूळ पद्धत साधी आहे: याद्या, खुणा, तारखा. पण दिवसभर कोड लिहून महिन्यातून एक तास ब्रश धरावासा वाटला, तर बिघडलं काय?

मोठं भांडण मात्र रंगवणाऱ्यांशी. चंद्रपुरात बसून एप्रिलला चेरीची फुलं, ऑक्टोबरला भोपळे, डिसेंबरला बर्फ! आपल्याकडे फाल्गुनात पळस पेटतो, एप्रिलच्या पहाटे टोपल्या घेऊन माणसं मोह वेचतात, मेमध्ये तेंदूपान तोडायला गावंच्या गावं जंगलात जातात. ज्या बांबूचा बल्लारपूरला वर्षानुवर्षं कागद झाला, तो स्वतः विकण्यासाठी वाहतूक परवान्यांचं पुस्तक मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला मिळालं 27 एप्रिल 2011 रोजी. यातलं काहीच एप्रिलच्या पानावर येण्याच्या लायकीचं नाही?

मुखपृष्ठ म्हणजे हा महिना माझा कसा आहे, याचं उत्तर. ते पिंटरेस्टवरून उतरवलं तर वही देखणी होते, महिना परकाच राहतो. वाकडंतिकडं का होईना, मोहाचं फूल काढा.