कडेला उभे असलेले

समूहछायाचित्राचा एक अलिखित संकेत आपल्याकडे अजून पाळला जातो. मध्यभागी खुर्चीवर प्राचार्य आणि प्रमुख पाहुणे, त्यांच्या दोन्ही बाजूंना विभागप्रमुख, मागे उभे अध्यापक आणि अगदी टोकाला, जागा उरलीच तर, ग्रंथालय परिचर व शिपाई. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयातल्या जुन्या छायाचित्रात अशी २६ माणसे आहेत. ते संकेतस्थळावर चढवले गेले तेव्हा संगणकावर २६ जण दिसत होते, मोबाइलवर ९. प्राचार्य सुखरूप होते. परिचर, शिपाई आणि तासिका तत्त्वावरचे दोन अध्यापक गळाले होते. विचारणा केली तर उत्तर मिळाले, 'ते आपोआप होते.'

आमचा वाद या 'आपोआप'शी आहे.

पानाच्या मांडणीत कुणीतरी 'ऑब्जेक्ट-फिट: कव्हर' अशी एक ओळ लिहिलेली असते. तिचा अर्थ असा की, चौकट पूर्ण भरा आणि चित्राचा जो भाग बाहेर जाईल तो दाखवू नका. वेगळे काही सांगितले नसेल तर मध्य राखला जातो आणि कडा छाटल्या जातात. तिच्याच शेजारी 'कन्टेन' हा पर्याय आहे: चित्र अख्खे दाखवा, चौकटीत थोडी जागा मोकळी राहिली तरी चालेल. मोकळी जागा दिसलेली बरी की माणूस न दिसलेला बरा, हा प्रश्न संगणकशास्त्राचा नव्हे. तो संपादनाचा आहे, आणि संपादकाने तो न वाचताच सही करून टाकलेली आहे. मध्य म्हणजे महत्त्वाचे, हे यंत्राला कुणी शिकवले नाही. पण आपण माणसे ज्या क्रमाने उभी करतो, तो क्रम त्याच्या कात्रीला अचूक मानवतो.

मूळ साधन तोकडे होते हे खरे. मार्क अँड्रीसन यांनी फेब्रुवारी १९९३मध्ये 'आयएमजी' ही खूण सुचवली, तेव्हा एका चित्राला एकच पत्ता देण्याची सोय होती. पुढे 'हे संकेतस्थळ ८०० × ६०० मध्ये उत्तम दिसेल' अशा पाट्या लागल्या. वाचकानेच आपला पडदा बदलावा, अशी ती अपेक्षा. (आम्हीही त्या पाट्या निमूटपणे पाळल्या.) ईथन मार्कॉट यांनी मे २०१०मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' या लेखात ती अपेक्षा उलटी केली: पानानेच वाचकाच्या पडद्याप्रमाणे स्वतःला बेतावे. २०१४पासून 'एसआरसीसेट' आणि 'पिक्चर' या सोयी ब्राउझरांत येऊ लागल्या. पहिलीत एकाच चित्राच्या लहानमोठ्या प्रती ठेवता येतात आणि ब्राउझर आपल्याजोगती प्रत उचलतो. दुसरीत अरुंद पडद्यासाठी चित्राचा वेगळा तुकडा देता येतो, आणि तो कोणता हे माणसाने ठरवायचे असते. तंत्र नाही, ही सबब आता उरलेली नाही.

छाटणी नको म्हणून कॅमेऱ्यातली मूळ फाइल जशीच्या तशी चढवणारेही आहेत. १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र साधारण ४००० × ३००० असते; मोबाइलचा पडदा १०८० पिक्सेल रुंद असेल तर गरजेच्या सुमारे चौदापट पिक्सेल पाठवले गेले. तो डेटा वाचकाच्या खिशातून जातो. ही उदारता नव्हे.

पोथ्यांच्या बाबतीत तर दोन्ही पर्याय हरतात. पोथीचे पान आडवे, लांबट, मोबाइल उभा. अख्खे पान मावले की अक्षरे मुंग्यांएवढी होतात. कडा छाटल्या की ओळींची सुरुवात आणि शेवट जातो, शिवाय समासातला पत्रांक आणि लेखनिकाच्या दुरुस्त्या जातात. म्हणजे अभ्यासकाला नेमके जे हवे, तेच. इथे वाचकाला चित्र बोटांनी मोठे करून सरकवता आले पाहिजे. पण कित्येक पानांत 'युझर-स्केलेबल=नो' लिहून त्यालाच मनाई केलेली असते; कारण काय, तर मांडणी बिघडते! ॲपलने २०१६मध्ये आयओएस १०पासून सफारीत ही मनाई जुमानणे सोडले. वाचकाची बाजू घेण्याचे काम ब्राउझरला करावे लागले, ही संपादकांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट नाही.

'एवढा वेळ कुणाला आहे?' हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. लहानमोठ्या प्रती करण्याचे काम प्रणाली निमूटपणे करते. माणसाची नजर लागते ती फक्त जिथे कडेला चेहरा किंवा अक्षर आहे तिथे. मुद्रितशोधनात एका वेलांटीसाठी मुद्रकाशी तासभर भांडणारे आमच्या व्यवसायातले लोक, छायाचित्रातून १७ माणसे गेली तरी 'तांत्रिक बाब' म्हणून मान फिरवतात, तेव्हा वेळेची सबब आम्हाला पटत नाही.

त्या छायाचित्राखाली नावांची ओळ मात्र पूर्ण छापलेली आहे. मोबाइलवर पाहणाऱ्याला नावे २६ आणि चेहरे ९ दिसतात; 'उभे, डावीकडून पहिले' कोण, हे शोधायला जावे तर तिथे कुणा अध्यापकाचा अर्धा खांदा आहे.