आवाज कमी कर!

तीस हजारांचा हेडफोन! ‘एवढ्यात सेकंडहँड बाइक येते,’ हे आमच्या मातोश्रींचं मत. पण शांत व्हा मंडळी, मी तो विकत घेतलेला नाही. ऑफिसातल्या मित्रानं ‘वीकएंडला वापरून बघ, मग ठरव’ म्हणून दिला. एरवी आपण हेडफोन ट्राय करतो कुठे? मॉलमधल्या शोरूममध्ये, एसीत, जेमतेम दोन मिनिटं. तेही सेल्समननं लावलेल्या धमधम गाण्यावर. तिथे सगळेच हेडफोन भारी वाटतात!

म्हटलं, खरी टेस्ट घेऊ. स्वारगेट ते मार्गासनी, लाल डब्यानं. मार्गासनी म्हणजे आपलं आजोळ. राजगडचे ट्रेकर ओळखतील. नसरापूरहून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलं की साखर-गुंजवण्याचा फाटा फुटतो, तेच गाव.

टेस्ट नंबर एक : शांतता. गाडी सुरू झाली, मी बटण दाबलं आणि इंजिनची घरघर गायब! फंडा सोपा आहे. हेडफोनमधले चिमुकले माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याच्या बरोबर उलटी लहर कानात सोडली जाते. दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना सुचली, कारण विमानाच्या आवाजात त्यांना संगीत धड ऐकूच येईना. त्यामुळे एकसुरी, खर्जातला आवाज यात मस्त मरतो. खिडक्यांची खडखड आणि मागच्या सीटवरचं भांडण मात्र थोडंफार येतंच.

टेस्ट नंबर दोन : साउंड. आधी ‘सैराट’ (२०१६). अजय-अतुल यांनी त्याचं संगीत थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत रेकॉर्ड केलं होतं. व्हायोलिन्सचा अख्खा ताफा डावी-उजवीकडे वेगवेगळा ऐकू यायला हवा. आला! मग भीमसेनजींचा अभंग. इथे कळलं, की कंपनीनं बेस जरा जास्तच ठेवलाय. अॅपमधल्या इक्वलायझरवर तो दोन घरं खाली आणला, तेव्हा आवाज मोकळा झाला. एक टिप : ‘एलडॅक’ म्हणजे हाय क्वालिटी, असं दुकानदार सांगेल. खरंय, पण आयफोनमध्ये ते चालत नाही. आधी आपला फोन बघा, मग त्याचे पैसे मोजा.

टेस्ट नंबर तीन : आराम. वजन बघाच. सोनीचा एक्सएम५ साधारण २५० ग्रॅमचा, तर अॅपलचा एअरपॉड्स मॅक्स जवळपास ३८५ ग्रॅमचा. दहा मिनिटांत हा फरक कळत नाही, तासाभरात मान सांगते. माझ्या डोक्यावरचा हलका होता, पण नसरापूर येईपर्यंत चष्म्याच्या काड्या कानामागे रुतायला लागल्या आणि गाद्यांखाली घामानं चिकचिक. चष्मेवाल्यांनो, चष्मा लावूनच ट्राय करा.

एवढं सगळं डायरीत टिपण्याच्या नादात कंडक्टरनं मारलेली ‘मार्गासनी!’ ही हाक ऐकलीच नाही. पुढच्या स्टॉपवर उतरलो आणि भातखाचरांच्या कडेकडेनं पाय तुडवत मागे आलो. बाहेरचा आवाज आत सोडणारं बटणही याच हेडफोनवर होतं, म्हणा!

मामा ओट्यावरच होते. तीस वर्षं भाताच्या गिरणीत काढलेला माणूस, शिवाय गावच्या भजनात पखवाज वाजवणारा. त्यांच्या कानावर हेडफोन चढवला, तोच अभंग लावला. मामांचा हात लगेच मांडीवर ताल धरू लागला. मग मानेनं खूण केली : आवाज वाढव. वाढवला. अजून वाढव. शेवटी फुल्ल केला. बाहेर बसून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. मामा म्हणाले, ‘‘पखवाज लई झाक. पण टाळ कुठं गेलं रं?’’

टाळ तर सुरुवातीपासून वाजत होते.

मला काही बोलायला सुचेना. सतत मोठ्या आवाजात राहिलेल्या कानाची आधी वरच्या पट्टीची, साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपासची जाण जाते. खर्ज राहतो, टाळ जातात. आतल्या कानातल्या त्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

रात्री माझ्या फोनमधला हेडफोन-आवाजाचा आकडा काढून पाहिला. रोज बसच्या आणि ट्रॅफिकच्या गोंगाटावर मात करायला मी जवळजवळ ९० डेसिबलवर ऐकतोय! जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा : ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास चालेल, ९० असेल तर फक्त चार. माझे चार तास मंगळवारीच संपतात. मामांना गिरणीत इलाज नव्हता. मी मात्र पैसे खर्चून स्वतःची गिरणी कानाला बांधून फिरत होतो.

परतीच्या एसटीत खरी टेस्ट झाली. घरघर बंद केल्यावर आवाज निम्म्यावर आणला, तरी टाळ स्वच्छ ऐकू येत होते. तर दोस्तहो, माझ्या मते महागड्या हेडफोनचा खरा निकष हाच. तो किती मोठ्यानं वाजतो हे विचारू नका, किती हळू आवाजात पुरतो ते विचारा. दुकानात गेलात तर आवाज अर्ध्यावर ठेवा, दाराशी रहदारीत उभे राहा, ओळखीचं गाणं लावा आणि अर्धा तास डोक्यावरून काढू नका. अर्ध्यावर मजा आली, तर घ्या. नाही आली, तर पैसे वाचले!

मी? घ्यायचं नंतर बघू. पुढच्या शनिवारी आधी मामांना पुण्याला आणतोय, कानाच्या डॉक्टरांकडे. माझीही तपासणी त्याच खेपेत.

आणि हो, लहानपणापासून मातोश्री एकच वाक्य ओरडून सांगायच्या : ‘आवाज कमी कर!’ तेव्हा नीट ऐकलं असतं तर!