काट्यावर तोललेला रोजा

गेल्या वर्षीच्या रमजानची गोष्ट. पहिला अशरा संपत आला होता. असरची नमाज झाली होती, मी भज्यांचे पीठ भिजवत होते. शेजारी कलिंगड कापत असलेली माझी मुलगी ओट्याला धरून एकदम खाली बसली. ओठ कोरडे, हात गार. "पाणी घे," म्हटले तर म्हणाली, "अम्मी, रोजा मोडेल." मी पेला तिच्या ओठांना लावला. रोजा मोडला, पुढे तिने तो कजा केला. आजारपणात रोजा सोडून नंतर भरून काढण्याची मुभा कुरआननेच दिली आहे, त्यामुळे त्याची खंत नाही. खंत वेगळीच आहे. चार दिवस ती सहेरीला पाणीच प्यायली नव्हती. कारण होते घरातला वजनकाटा.

तो काटा मीच आणला होता. रमजानमध्ये चार किलो कमी करायचे, असे तिने ठरवले होते. पहिल्या सहा रोज्यांत दोन किलो उतरले तेव्हा मी कौतुकही केले. मग ती दिवसातून दोनदा काट्यावर उभी राहू लागली. इफ्तारच्या आधी ६१.२ किलो, तरावीहनंतर ६३.१. दिवसभराची कमाई एका इफ्तारने घालवली, असे तिला वाटे. पाणी प्यायले की आकडा वाढतो हे दिसल्यावर तिने पाणीच तोडले.

त्या १.९ किलोचा हिशेब तेव्हाच मांडायला हवा होता. पाणी आणि सरबत मिळून लिटरभर, म्हणजे एक किलो. कलिंगडाच्या फोडी पाव किलो, त्यातही बहुतेक पाणीच. उरलेले खजूर, भजी आणि डाळ-भात. जे पोटात गेले त्याचे वजन काट्यावर दिसणारच. ती चरबी नव्हे. एक किलो चरबी चढायला शरीराच्या गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. दस्तरखान कितीही भरलेला असो, एका इफ्तारला एवढे खाल्ले जात नाही.

आधी उतरलेले दोन किलोही तितकेच फसवे होते. आपले शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साठा ठेवते. मोठ्या माणसात तो सुमारे अर्धा किलो असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असते. खाणे कमी झाले की साठा उतरतो, त्याबरोबर पाणीही जाते. पोटभर जेवले की दोन्ही परत येतात. मिठाचेही तसेच. सलाइनच्या बाटलीत लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असते, कारण आपल्या रक्ताला तेच प्रमाण मानवते. समोसे, लोणचे, पापड जास्त झाले की ते प्रमाण राखण्यासाठी शरीर पाणी धरून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी काटा वर सरकतो. अनेक बायकांच्या अंगात पाळीच्या आधी पाणी साठते. रोज्यात पोट साफ झाले नाही, तरी आकडा वाढतो.

रोज वजन केले की खाण्यावर लगाम राहतो, असे काहीजण सांगतात. एरवीच्या महिन्यांत कोणाला ते जमतही असेल. पण रमजानमध्ये जेवणाची वेळ बदलते, झोप तुटते, तेरा-चौदा तास घशाखाली थेंब जात नाही. अशा दिवसांत रोजचा आकडा मुख्यतः पाण्याची ये-जा सांगतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की या महिन्यात रोज काट्यावर उभे राहू नये. वजन पाहायचेच असेल तर आठवड्यातून एकदा, जुम्म्याला पाहा. सहेरीला उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यानंतर, काही खाण्यापिण्याआधी आणि तशाच हलक्या कपड्यांत. महिन्याचे चार-पाच आकडे शेजारी मांडले तर वजन कुठल्या दिशेने चालले आहे ते कळेल. मधले किलो-दीड किलो सोडून द्या.

हजरत मुहम्मद पैगंबरांनी (स.) सहेरीत बरकत आहे असे सांगितले. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, हीही त्यांचीच शिकवण. त्यात पाण्याचा वाटा स्वतंत्र सांगितला आहे, हे आपण विसरतो. रोजा अल्लाहसाठी असतो. त्यात तब्येत सुधारली तर उत्तमच, पण काट्यासाठी सहेरी आणि पाणी सोडणे ही ना इबादत, ना पथ्य.

यंदा आमचा काटा माळ्यावर आहे, जुम्म्यालाच खाली येतो. ज्यांच्या घरी लेक किंवा सून रोजे ठेवून वजन कमी करत असेल, त्या आयाबहिणींना माझे एवढेच सांगणे आहे : "किती उतरले?" असे विचारू नका. मी तेच विचारत राहिले होते. सहेरीला पाणी किती प्यायलीस, हे आधी विचारा.