कागद घेता, मग जबाबदारीही घ्या

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये राजपत्रात आले आणि सोबतच कंपन्यांना दीड वर्षाची सवडही मिळाली. लोकांचे आधार, पॅन, वाहन परवाने आणि चेहऱ्यांचे फोटो गोळा करणाऱ्यांवर या कायद्याची मुख्य बंधने मे 2027 पर्यंत येणार नाहीत. ही सवड कशासाठी? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले ऑगस्ट 2017 मध्ये. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीचा मसुदा आला 2018 मध्ये, कायदा झाला 2023 मध्ये. तयारीला एवढी वर्षे मिळालेल्यांना आणखी मुदत देणे चूक आहे. त्याची सर्वांत जास्त झळ बसणार आहे ती ज्याला ‘नाही’ म्हणणे परवडत नाही त्याला.

खाण्याचे पार्सल पोचवणारा, ॲपवर कॅब चालवणारा, घरोघरी जाऊन ब्यूटी पार्लरचे काम करणारी, घरी बसून भाषांतर, डेटा एंट्री किंवा डिझाइनची कामे घेणारे पदवीधर असे सगळे गिग कामगार यात आले. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात 2020-21 मधील गिग कामगारांची संख्या 77 लाख धरली होती आणि 2029-30 पर्यंत ती 2 कोटी 35 लाखांवर जाईल असा अंदाज होता. या माणसांना कंपनी कर्मचारी मानत नाही. भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही, नोटीस न देता आयडी बंद. पण कागद मागताना हीच कंपनी कायम नोकरी देणाऱ्या मालकाच्याही पुढे जाते. आधारच्या दोन्ही बाजू, पॅन, आरसी बुक, रद्द केलेला चेक, पोलीस पडताळणीचा दाखला, वर रोजचा सेल्फी.

यातले काही कागद लागतातच. गाडी चालवणाऱ्याचा परवाना तपासला पाहिजे, टीडीएससाठी पॅन हवा. ग्राहकाच्या दारात येणारा माणूस कोण हे कळायला हवे, यातही वाद नाही. पण तपासणे वेगळे आणि साठवून ठेवणे वेगळे. पाचशे रुपयांचे भाषांतर करून देणाऱ्याचा संपूर्ण आधार क्रमांक, जन्मतारीख आणि घरचा पत्ता एखाद्या एजन्सीच्या व्हॉट्सॲपवर कशाला पडून राहावा? काम सुटल्यावरही तो तिथेच राहतो. तो कोणी पाहिला, कोणाला पुढे पाठवला, हे विचारायला त्या माणसाला खिडकी नाही.

कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: आम्ही संमती घेतो. ही संमती खरी नाही. ‘मान्य आहे’वर बोट ठेवल्याशिवाय ॲप पुढे सरकत नाही, आणि पुढे सरकले नाही तर चूल पेटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये आधार कायद्याच्या कलम 57 मधील खासगी कंपन्यांना मोकळीक देणारा भाग रद्द केला. संसदेने 2019 मध्ये दुरुस्ती करून ‘स्वेच्छेने’ आधार वापरण्याची वाट पुन्हा उघडली. पोटाच्या गरजेतून दिलेल्या कागदाला स्वेच्छा म्हणणे ही कामगाराची उघड फसवणूक आहे.

पर्याय नाहीत असेही नाही. शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क्ड आधार आहे, क्यूआर कोडवरून ऑफलाइन पडताळणी आहे. आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने मे 2022 मध्ये ‘आधारची झेरॉक्स कुणाला देऊ नका’ असे बजावले होते. दोनच दिवसांत सरकारने तो इशारा मागे घेतला. डिसेंबर 2025 मध्ये प्राधिकरणाच्याच प्रमुखांनी झेरॉक्स गोळा करण्यावर बंदीचा नियम मंजूर झाल्याचे सांगितले. मधल्या साडेतीन वर्षांत गोळा झालेल्या झेरॉक्सचे काय?

या कागदांच्या जोरावर काय काय होते हे पोलिसांच्या सायबर शाखेत जाऊन विचारावे. दुसऱ्याच्या नावावर बँक खाते उघडते, सिमकार्ड निघते, जीएसटी नोंदणी होते आणि कराची नोटीस मूळ माणसाच्या घरी येते. काम शोधणाऱ्यांना फसवणारेही कमी नाहीत: घरबसल्या कामाचे आमिष दाखवणाऱ्या शंभरावर संकेतस्थळांवर केंद्राने डिसेंबर 2023 मध्ये बंदी घातली. मोठ्या कंपन्यांकडेही कागद सुरक्षित नाहीत. ऑक्टोबर 2025 मध्ये डिस्कॉर्ड या चॅट ॲपच्या कंपनीने कबूल केले की बाहेरच्या सेवापुरवठादाराकडून सुमारे 70 हजार वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत. पासवर्ड बदलता येतो. चेहरा आणि जन्मतारीख बदलता येत नाही.

आता कायद्याकडे पाहू, कारण संतापाचे खरे कारण तिथे आहे. नव्या कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारच्या एकत्रित निधीत जमा होईल. ज्याची माहिती फुटली त्याला छदामही नाही. उलट, संवेदनशील माहिती हाताळताना हयगय करणाऱ्या कंपनीकडून नुकसानभरपाई मागण्याची सोय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43अ मध्ये होती, तीच हा कायदा काढून टाकतो. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात भरपाईचा हक्क होता, तो गाळला गेला. आणि खोटी किंवा क्षुल्लक तक्रार ठरली तर नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड! अशा धाकाखाली कोणता डिलिव्हरी बॉय कंपनीविरुद्ध तक्रार करणार?

याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील कलम 8(1)(जे) बदलले आणि सार्वजनिक हितासाठी माहिती उघड करण्याची त्या कलमातली सोय गेली. हा बदल नोव्हेंबर 2025 मध्येच अमलात आला, त्याला दीड वर्षाची सवड लागली नाही. सरकारला माहिती दडवण्याची मुभा लगेच आणि सामान्य माणसाला संरक्षण मे 2027 मध्ये, हा क्रम कोणी ठरवला? ज्या महाराष्ट्राने आंदोलनांतून 2002 चा स्वतःचा माहिती अधिकार कायदा मिळवला, तिथल्या खासदारांनी तरी हे संसदेत विचारायला हवे होते.

राजस्थानने 2023 मध्ये आणि कर्नाटकाने 2025 मध्ये गिग कामगारांसाठी कायदे केले. महाराष्ट्राला तर 1969 च्या माथाडी कायद्याचा अनुभव आहे. हमालाची नोंदणी मंडळाकडे होते, प्रत्येक व्यापाऱ्याच्या गाळ्यावर नाही. गिग कामगाराची ओळखही अशाच सार्वजनिक मंडळाने एकदा तपासावी, कंपनीला फक्त ‘पडताळणी झाली’ एवढेच कळवावे आणि काम सुटल्यावर ठरावीक दिवसांत कंपनीकडचे कागद पुसले जावेत. न पुसल्यास दंड थेट त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हावा. राज्य सरकारने यासाठी मे 2027 ची वाट पाहू नये.