रुग्णावर झालेला खर्च म्हणजे ‘तोटा’?

कारखान्याच्या ताळेबंदात नफा वाढलेला दिसला की आपण म्हणतो, चांगले चालले आहे. आरोग्यविमा कंपनीचा ताळेबंद मात्र असा वाचून चालत नाही. तिथे नफा कशामुळे वाढला, हे आधी विचारावे लागते. अमेरिकेतील एटना कंपनीचे उदाहरण पाहू. गोष्ट वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची आहे. पण आता आपल्याकडेही विम्याच्या पॉलिसी घरोघरी आल्या आहेत, तेव्हा ती समजून घेतलेली बरी.

अमेरिकेत ‘मॅनेज्ड केअर’ नावाची पद्धत आहे. १९७३ च्या एका कायद्याने तिला बळ मिळाले. यात कंपनी ठरावीक हप्ता घेते आणि उपचारांची व्यवस्थाही स्वतःच्या हाती ठेवते. डॉक्टर आणि रुग्णालये तिच्या यादीतली. अनेक योजनांत तज्ज्ञाकडे जायचे तर फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते, मोठ्या उपचारांना कंपनीची पूर्वपरवानगी लागते. अनावश्यक तपासण्या आणि भरमसाट बिले यांना आळा घालावा, हा हेतू चांगलाच होता. पण ज्या डॉक्टरने रुग्णाची बाजू घ्यायची, त्यालाच दारावर पहारेकरी करून बसवले.

या कंपन्यांच्या हिशेबात एक आकडा फार मोलाचा असतो. हप्त्यांच्या दर शंभर डॉलरांतून उपचारांवर किती खर्च झाले, तो आकडा. त्याचे नाव ‘मेडिकल लॉस रेशो’. लॉस म्हणजे तोटा! विमा धंद्यातला हा जुना शब्द आहे. पण आगीत जळालेल्या मालाला जो शब्द, तोच आजाऱ्याच्या औषधपाण्याला लावला, की पाहण्याची नजरही तशीच होत जाते.

एटना ही १८५३ साली स्थापन झालेली जुनी विमा कंपनी. तिने १९९६ मध्ये यू.एस. हेल्थकेअर आणि १९९९ मध्ये प्रुडेन्शियलचा आरोग्यविमा व्यवसाय विकत घेतला. सभासद सुमारे १ कोटी ९० लाखांवर गेले, पण हिशेब जमेना आणि डॉक्टरही नाराज झाले. २००० च्या सप्टेंबरात कंपनीची सूत्रे डॉ. जॉन रो यांच्याकडे आली. हे वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ. त्याच वर्षी कंपनीने वित्तसेवा आणि परदेशातील व्यवसाय विकून टाकला. तरी २००१ साली शंभरातले सुमारे नव्वद उपचारांवर गेले आणि वर्षाअखेर सुमारे २८ कोटी डॉलरचा तोटा झाला.

मग झाली फेररचना. हजारो नोकऱ्या कमी केल्या, हप्ते वाढवले, जिथे परवडत नव्हते तिथून कंपनी बाहेर पडली. २००३ पर्यंत सभासद सुमारे १ कोटी ३० लाखांवर आले, उपचारांचा वाटा ऐंशीच्या खाली उतरला आणि नफा ९० कोटी डॉलरच्या पुढे गेला.

डॉ. रो यांना खलनायक ठरवण्याचे कारण नाही. बुडालेली कंपनी कोणाचेच बिल भरू शकत नाही. शिवाय २००३ मध्ये त्यांच्याच काळात सुमारे सात लाख डॉक्टरांशी चाललेला दावा १७ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. पण कमी झालेल्या साठ लाख सभासदांचे काय? पुष्कळजण दुसऱ्या कंपनीकडे गेले असतील. तरी कंपनी बदलली की बरेचदा यादी बदलते, डॉक्टर बदलतो. मधुमेहाच्या किंवा कर्करोगाच्या रुग्णाला अर्ध्या उपचारात डॉक्टर बदलावा लागणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. ताळेबंदात त्यासाठी रकाना नसतो.

माझे म्हणणे असे की, हा निर्णय कंपनीच्या सद्बुद्धीवर सोडू नये. अमेरिकेने २०१० च्या कायद्याने तशी तजवीज केली. हप्त्यांपैकी किमान ८० टक्के, मोठ्या गटांसाठी ८५ टक्के रक्कम उपचारांवर व सेवेचा दर्जा सुधारण्यावर खर्च झालीच पाहिजे; कमी पडेल तेवढी परत द्यायची. धंदा करा, पण मर्यादेत.

आपल्याकडे विमा नियामक संस्था आपल्या वार्षिक अहवालात कंपनीवार दाव्यांचे प्रमाण प्रसिद्ध करते. पॉलिसी घेताना एजंट कंपनी किती मोठी आहे ते सांगेल. तुम्ही मात्र विचारा, शंभर रुपयांतले किती रुग्णांसाठी दिले? प्रमाण फार कमी असेल तर सावध व्हा, आणि शंभराच्या पुढे असेल तर पुढच्या वर्षी हप्ता वाढेल हे गृहीत धरा. या एका आकड्यावर सगळे ठरत नाही, पण प्रश्नांची सुरुवात इथून करावी. आरोग्यविम्यात रुग्णावर झालेला खर्च हा तोटा नव्हे. त्यासाठीच तर आपण हप्ता भरतो.